अडीच वाजताची नोंद

जळगावात मुलगी द्यायला लोक कचरतात. यात जमिनीचा, नोकरीचा, स्वभावाचा काही संबंध नाही. कारण एकच, ऊन. माझा भाचा हितेंद्र बत्तीस वर्षांचा, इंजिनियर, पाइपच्या कारखान्यात माल तपासणारा अधिकारी. दारू नाही, तंबाखू नाही, डोक्यावर केस अजून आहेत. तरी सात ठिकाणी नकार आला होता. पुण्याच्या एकीने पहिल्याच फोनवर घरात एसी किती, हे विचारलं. ठाण्याच्या एका वडिलांनी बोलता बोलता मोबाइलवर जळगावचं तापमान पाहिलं आणि रेंज जातेय म्हणून फोन ठेवला. बाकीचे पाच जण प्रत्यक्ष येऊन गेले, आमरस खाऊन गेले, आणि जाताना म्हणाले, "घरी जाऊन कळवतो." ते अजून घरी पोचले नसावेत.

आठवं स्थळ मी आणलं. मी धुळ्याचा. तिथल्या कॉलेजात पंचवीस वर्षं राज्यशास्त्र शिकवतो, त्यामुळे ज्यातून काही निघणार नाही ते काम मन लावून करायची मला सवय आहे. रुपचंदनाना शाळेत माझ्या चार इयत्ता पुढे होते. नोकरीसाठी नाशिकला गेले, तिथेच घर केलं, तिथलीच बायको केली. त्यांची मुलगी भूमिका नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीतल्या एका प्रयोगशाळेत कामाला. कारखान्यांतले वजनकाटे, मीटर, थर्मामीटर बरोबर दाखवतात की नाही ते तपासायचं आणि बरोबर असतील तर सही करायची, हे तिचं काम. पत्रिका जुळली, फोटो आवडले, दोघांचं दोन महिने फोनवर बोलणं झालं. आता फक्त मुलीकडच्यांनी घर बघायला यायचं उरलं होतं. आणि भूमिकाला सुटी मिळत होती मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यात.

"तिसऱ्या आठवड्यात?" आमचे भाऊजी फोनवर ओरडले. "मास्तर, ते घर बघायला येताहेत की भाजून घ्यायला?"

भाऊजींचं नाव जीवराम, पण जळगावच्या मेहरूण भागात सगळे त्यांना आबा म्हणतात. शाळेच्या प्रयोगशाळेत ते सहायक होते. अकरा वर्षांपूर्वी निवृत्त झाले तेव्हा शाळेने शाल आणि नारळ द्यायचं ठरवलं होतं. आबांनी मागून एक लांबलचक, दशांशाच्या रेघांचं थर्मामीटर घेतलं. घरी येऊन गच्चीवरच्या जिन्याच्या खोलीच्या भिंतीला, पत्र्याच्या सावलीत, एक खिळा मारला आणि तेव्हापासून रोज दुपारी अडीच वाजता पारा वाचून वहीत लिहायला सुरुवात केली. तारीख, पारा, आकाश, शेरा. विक्रम मोडला तर पाचवा रकाना, साक्षीदाराची सही. अकरा वर्षांत एकही दिवस खाडा नाही. हर्नियाच्या ऑपरेशनच्या दिवशी वही दवाखान्यात मागवली होती आणि पारा अक्काने, म्हणजे माझ्या बहिणीने, फोनवरून सांगितला होता.

पेपरात त्रेचाळीस छापून आले की आबांच्या वहीत पंचेचाळीस असायचे. सरकार दोन डिग्री खातं, असं त्यांचं ठाम मत होतं. "सगळ्यात खातं, उन्हात का सोडेल?" याबद्दल त्यांनी संपादकांना अडतीस पत्रं लिहिली. एकही छापलं नाही, तेव्हा संपादकही सामील आहेत हे सिद्ध झालं. गेली चार वर्षं तर त्यांचा जुना आकडा दर उन्हाळ्यात मोडत होता. शेवटचा होता सत्तेचाळीस पॉइंट दोन. त्या दिवशी त्यांनी गल्लीत पेढे वाटले. पेढे वितळलेले होते, लोकांनी चमच्याने खाल्ले.

अशा माणसाला एक दिवस ऊन लपवायचं होतं.

मी आदल्या दिवशी धुळ्याहून एसटीने पोचलो. खिडकीच्या दांडीला हात लागला तिथे अजून डाग आहे. घरात शिरलो तर बैठकीत आबा, अक्का म्हणजे माझी बहीण इंदिराबाई, हितेंद्र आणि कूलरवाला फारुख, असे चौघे नकाशा पुढ्यात घेतल्यासारखे बसले होते.

"ऐका," आबा म्हणाले. "पाहुणे आज रात्री धुळ्याला नातेवाइकांकडे मुक्काम करतील. पहाटे पाचला निघतील. सातला इथे. पोहे, चहा, घर दाखवणं, बोलणं. साडेनऊला त्यांना गाडीत बसवायचं. दहा वाजता ते एरंडोलच्या पुढे गेले पाहिजेत. त्यांना कळता कामा नये की आपल्याकडे दुपार असते."

"आणि उद्या या घरात ऊन हा शब्द कोणी काढायचा नाही," अक्का म्हणाली. तिने हे नवऱ्याकडे बघून सांगितलं.

"मी कशाला काढू?"

"तुम्ही झोपेत बडबडता. परवा म्हणत होता, सेहेचाळीस, सेहेचाळीस."

फारुखने कूलरमध्ये नव्या खसाच्या जाळ्या बसवल्या होत्या. "आबा, डबल खस मारली आहे. आता हा कूलर नाही राहिला, महाबळेश्वर झाला. फक्त एक काम करा, पाणी भरून ठेवा. वरच्या टाकीचं नको. टाकीच्या पाण्यात चहा होतो, हवा थंड नाही होत."

हे मात्र अगदी खरं. या शहरात गच्चीवरच्या टाकीतलं पाणी सकाळी दहानंतर हाताला लावायच्या लायकीचं राहत नाही. म्हणून जाणती घरं पहाटे सहाला बादल्या भरून सावलीत झाकून ठेवतात आणि दुपारची अंघोळ, हातपाय धुणं, सगळं त्यावर चालतं. इथे दाराची कडी रुमाल धरून उघडतात. मोटरसायकलच्या सीटवर ओलं पोतं टाकतात. दुपारी एक ते चार रस्त्यावर जो दिसेल तो एक तर परगावचा असतो किंवा त्याच्या घरी भांडण झालेलं असतं. मोबाइल आपणहून बंद पडतो आणि थंड झाल्याशिवाय चालू होणार नाही असं सांगतो, माणसाला तीही सोय नाही. एसी घेतला तर त्याचा गारवा घेणाऱ्याच्या घरात राहतो आणि आतली धग शेजाऱ्याला मिळते. शेजारच्या ललितने एसी बसवला तेव्हा त्याचं बाहेरचं खोकं दोन गच्च्यांमधल्या कठड्यावर, आमच्या जिन्याच्या खोलीकडे तोंड करून बसवलं. अक्का महिनाभर त्याच्याशी बोलली नाही. मग तिच्या कुरडया तिथे निम्म्या वेळात वाळायला लागल्या तेव्हा बोलली.

रात्री झोपण्यापूर्वी अक्काने गच्चीवर जाऊन थर्मामीटर खिळ्यावरून काढलं आणि कुठेतरी दडवलं. "एक दिवस नोंद नाही झाली तर सूर्य रुसणार नाही," ती म्हणाली. आबा झोपायला गेले. पण पहाटे पाचला मी उठलो तेव्हा ते कपाटावर हात फिरवून बघत होते.

सात वाजले. साडेसात वाजले. पोहे दोनदा झाकले, दोनदा उघडले. आठला रुपचंदनानांचा फोन. पद्मालयाच्या गणपतीला न भेटता पुढे कसं जायचं, म्हणून गाडी एरंडोलहून आत वळली होती. नऊला पुन्हा फोन. देवळात नानांना पाचवीतला वर्गमित्र भेटला होता आणि तो सोडत नव्हता. अकराला तिसरा फोन आला, तेव्हा आबांनी तो कानापासून लांब धरला.

"टायर फुटलं," त्यांनी आम्हाला सांगितलं. "भर रस्त्यात. आपोआप."

आपोआप का फुटलं हे आम्हाला सगळ्यांना माहीत होतं. पण शब्द काढायचा नव्हता.

पाहुणे पावणेएकला आले. गाडीतून आधी रुपचंदनाना उतरले, घामाने अंगाला चिकटलेला झब्बा, पण चेहरा का कोण जाणे खुशीत. मागून त्यांच्या पत्नी ज्योत्स्नाताई, डोक्यापासून हनुवटीपर्यंत पदर, चेहरा खुशीत नाही. शेवटी भूमिका. तिने उतरताच दाराच्या कडीला हात लावला नाही, ओढणीच्या टोकाने ढकललं. हितेंद्र ते बघत राहिला.

"या, या! आधी हातपाय धुवा," अक्का म्हणाली आणि आतून झाकलेली बादली आणायला गेली. बादली रिकामी होती. पाहुण्यांची गाडी वळताना दिसताच फारुखने घाईघाईत ती कूलरमध्ये ओतली होती. तिने मागे वळून काही सांगायच्या आत ज्योत्स्नाताईंनी अंगणातला नळ सोडला आणि त्याखाली दोन्ही पाय धरले.

"आई गं!"

असा आवाज मी त्यापूर्वी फक्त परीक्षेचा निकाल लागल्यावर ऐकला होता.

सगळे धावले. ज्योत्स्नाताई एका पायावर उभ्या, दुसरा हवेत. आणि मग आबांनी जे केलं त्याबद्दल मला त्यांचा आजही आदर वाटतो.

"सोलर," ते शांतपणे म्हणाले. "सोलर बसवलंय ना. चोवीस तास गरम पाणी. सांगायचं राहून गेलं."

"आणि गार पाण्याचा नळ कुठला?" नानांनी विचारलं.

"त्यासाठी अर्ज केलाय."

जेवणं मात्र सुखात झाली. खापरावरचे मांडे, आमरस, कुरडया, आणि समोर दुहेरी खसाचा कूलर. भूमिका हळूहळू बोलायला लागली. फारुखने तिला विचारलं की ताई, तुम्ही नुसती सही करता त्याचे पैसे मिळतात? ती हसली. म्हणाली, "सही न करण्याचे मिळतात, भाऊ. मागे एका कंपनीचे दोनशे मीटर आले होते. सगळे थोडे थोडे जास्त दाखवणारे. मालक स्वतः आला, हात जोडले, एवढ्या वेळी करा म्हणाला. नाही केली. चुकीच्या आकड्याखाली माझी सही पाच वर्षांत एकदाही नाही."

"शाब्बास!" आबा म्हणाले. "हिच्यासारखे चार लोक सरकारात असते तर..." अक्काने त्यांच्या ताटात एक मांडा जोरात टाकला.

ज्योत्स्नाताईंनी तिसऱ्यांदा रस घेतला. हितेंद्र आणि भूमिका फोनवर जे बोलायचे त्यातलं काहीतरी एकमेकांना हळूच सांगून हसत होते. अक्काने माझ्याकडे पाहिलं, मी अक्काकडे पाहिलं. घड्याळात दीड वाजला होता आणि वाटत होतं की आठव्या वेळी जमलं.

तेवढ्यात लाइट गेली.

कूलरचा पंखा दमलेल्या बैलासारखा फिरत फिरत थांबला. शेजारच्या ललितचा एसीही गप्प झाला. पाच मिनिटं गेली. मग भिंतींतून, छतातून, फरशीतून ती वस्तू आत यायला लागली जिचं नाव घ्यायचं नव्हतं. ज्योत्स्नाताईंचं कपाळ चमकलं. देव्हाऱ्याशेजारची मेणबत्ती हळूच पुढे वाकली, नमस्कार करावा तशी.

"किती हो हे ऊन!" ज्योत्स्नाताई म्हणाल्या. शब्द बाहेर आला होता. "कसे राहता तुम्ही इथे?"

"ऊन?" आबांनी खिडकीकडे पाहिलं. बाहेर आकाश पांढरं पडलं होतं. "छे. आज तर जरा ढगाळ आहे."

 अक्काने विंझणवारा घातला, फारुखने ओला टॉवेल खिडकीला टांगला. तो दहा मिनिटांत वाळला. दोन वाजून पाच मिनिटांनी ज्योत्स्नाताईंनी पदर सावरला, पर्स उचलली आणि उठता उठता म्हणाल्या, "निघतो आता. घरी जाऊन कळवतो."

झालं. हितेंद्रने मान खाली घातली. अक्का स्वयंपाकघराच्या दारात तशीच उभी राहिली. भूमिका आईला काहीतरी सांगू पाहत होती आणि आई ऐकत नव्हती. पोरगा आता तेहतीस वर्षांचा होणार, आणि मग स्थळं आणणारेही कमी होणार, हे त्या एका वाक्यात सगळ्यांना कळलं.

आणि अशा वेळी रुपचंदनानांनी बायकोची समजूत घालायचं ठरवलं.

"अगं, हे काहीच नाही," ते म्हणाले. "याला ऊन म्हणत नाहीत. आमच्या धुळ्यात या महिन्यात..."

आबांचा डावा डोळा लवला. मी ते पाहिलं आणि खुर्ची मागे सरकवली.

"काय म्हणालात?"

"म्हटलं, धुळ्यापुढे जळगाव म्हणजे गारच." नानांना रंग चढला होता. तीस वर्षं नाशिकच्या हवेत दाबून ठेवलेली अहिराणी वर आली. "हाई काय ऊन शे? आमना धुयाले या एकदाव! शाळेतून येताना डांबरात चप्पल रुतायची, चप्पल सोडून पळायचो. माझ्या वडिलांनी सेहेचाळीस पॉइंट आठ मोजलंय ओट्यावर. आणि हिवाळ्यात पुन्हा हातपाय गोठतात. दोन्हीकडून! तुमच्याकडे नुसतं एकच."

"नोंद आहे?" आबांनी विचारलं.

"नोंद कशाला? पायाला फोड होते!"

"फोड पुरावा नाही." आबा उठले. घड्याळात दोन वाजून दहा मिनिटं झाली होती. "स्थळ मोडलं ना? मोडलं. मग आता मला काही लपवायचं नाही. नाना, या घरात अकरा वर्षांची वही आहे. गेल्या वर्षी या गच्चीवर सत्तेचाळीस पॉइंट दोन झालेत. आणि आजचा दिवस, मी सकाळपासून जीभ चावून बसलोय, आजचा दिवस त्याच्याही वर जाणार! इंदिरा, कुठे आहे ते?"

अक्काने एकदा सगळ्यांकडे पाहिलं. "फ्रिजात," ती म्हणाली. "भाजीच्या कप्प्यात. कोथिंबिरीखाली."

"फ्रिजात!"

"तुम्ही कधी फ्रिज उघडून स्वतः काही घेतलंय? तिथेच सुरक्षित होतं."

मग जे झालं ते फार वेगाने झालं. आबा थर्मामीटर घेऊन जिना चढले, मागून नाना, त्यांच्यामागे ओला टॉवेल डोक्यावर टाकून मी, फारुख, हितेंद्र. कोणाच्या पायात कोणाची चप्पल होती ते सांगता येणार नाही. गच्चीचं दार उघडलं आणि चुलीवरचं झाकण काढल्यासारखं तोंडावर आलं. आबांनी थर्मामीटर खिळ्याला टांगलं. आम्ही सगळे पत्र्याच्या सावलीच्या दोन हात पट्टीत दाटीवाटीने उभे राहिलो.

"नऊ," फारुखने वाचलं.

"नऊ!" नाना टाळी देत म्हणाले. "जळगावात नऊ डिग्री! पेपरात द्या!"

"थांबा. चढतंय."

"पंधरा... बावीस... अठ्ठावीस..."

शेजारच्या गच्चीवर ललित आला. लाइट नाही म्हणून तोही बाहेरच होता. "आबा, विक्रम आहे का?" त्याने विचारलं आणि बायकोला हाक मारली. ती आली. समोरच्या घरातून दोघे आले. जळगावात दुपारी सव्वादोनला माणसं गच्चीवर येणं हाच मुळात एक विक्रम होता.

"छत्तीस... चाळीस! चाळीस झाले!"

"चाळीसला आम्ही धुळ्यात स्वेटर घालतो," नाना म्हणाले.

"त्रेचाळीस!"

"भुसावळला यावं तुम्ही दोघांनी," फारुख म्हणाला. त्याचं आजोळ भुसावळचं. "तिकडचे लोक जळगाव आणि धुळे दोघांना पोरं समजतात." दोघेही त्याच्याकडे एकदमच रागाने वळले. एवढ्यावर मात्र त्यांचं एकमत होतं.

जिन्यातून भूमिका वर आली. मागून ज्योत्स्नाताई पायरीपर्यंत आल्या आणि तिथेच दाराआड थांबल्या. तोवर नानांचा आवाज टिपेला पोचला होता. "आबा, सेहेचाळीस पॉइंट आठच्या वर गेला ना, तर मुलगी तुमच्या घरात दिली! शब्द!"

"नाना," भूमिका म्हणाली, "मी काय कुस्तीतली गदा आहे का?"

"तसं नाही गं बेटा..."

"शर्यत तुमच्या दोघांची. मला त्यात घालू नका." आणि मग, अगदी सवयीनेच असावं, ती पुढे होऊन थर्मामीटरशी डोळा समांतर करून वाकली. "पंचेचाळीस पॉइंट सहा. थांबलंय."

थांबलं होतं खरं. आम्ही तीन मिनिटं वाट पाहिली. पॉइंट सहा. पाच मिनिटं. पॉइंट सहा. नाना हसू दाबत होते आणि ते दाबलं जात नव्हतं. आबांनी टोपी काढली, पुन्हा घातली. दोन वाजून चोवीस मिनिटं झाली होती. मी त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि मला ते एकदम एकोणसत्तर वर्षांचे दिसले. स्थळ गेलं, आणि वर जळगाव धुळ्याच्या खाली राहिलं. त्यांच्यासाठी एका दुपारी एवढं पुष्कळ होतं.

"आज काहीतरी..." ते पुटपुटले. "वारा नाहीये."

तेवढ्यात खालून अक्का ओरडली, "आली! लाइट आली!"

खाली कूलर घरघरला. शेजारच्या कठड्यावरचं खोकं खरखरलं, थरथरलं आणि सुरू झालं.

"हलला!" फारुख किंचाळला. "पारा हलला! पंचेचाळीस आठ!"

"सेहेचाळीस!"

"सेहेचाळीस तीन! आबा, चढतोय, चढतोय!"

"ढकलू नका रे, सावली सोडू नका!"

"सेहेचाळीस आठ! नाना, आठ झाले! तुमचं धुळं आलं!"

"सेहेचाळीस नऊ! गेलं धुळं!"

ललितची बायको टाळ्या वाजवत होती. समोरचे लोक मोबाइलवर चित्रण करत होते, ते मोबाइल बंद पडले. "सत्तेचाळीस!" आता सगळेच ओरडत होते, मीसुद्धा. मी राज्यशास्त्राचा माणूस, धुळ्याचा मतदार, आणि मी माझ्या गावाविरुद्ध ओरडत होतो. "सत्तेचाळीस एक! दोन! बरोबरी!" पारा तिथे अडला. आबांनी डोळे मिटले. ठीक अडीचला फारुखने त्यांचा दंड धरून हलवला. "आबा, उघडा डोळे. सत्तेचाळीस पॉइंट चार."

गच्चीवर जो आवाज झाला तो मेहरूणच्या तलावापर्यंत गेला असेल. रुपचंदनानांनी आबांना मिठी मारली आणि जागेवरच उचललं. "मानलं! मानलं बुवा जळगावला! तीस वर्षांनी असं ऊन खाल्लं. नाशिकला काय आहे? पाऊस आणि द्राक्षं!" दोघांच्याही डोळ्यांत पाणी होतं, ते गालावर यायच्या आत वाळलं.

या गोंधळात फक्त एक माणूस ओरडत नव्हतं. भूमिका थर्मामीटरपासून दोन पावलं बाजूला झाली होती. तिने हात पुढे केला, तळवा ललितच्या खोक्याकडे, आणि तो सावकाश थर्मामीटरपर्यंत आणला. मग परत खोक्याकडे नेला. मग तिने हितेंद्रकडे पाहिलं.

हितेंद्र आपल्या चपला बघत होता. त्या त्याच्या नव्हत्याच, पण तो फार लक्षपूर्वक बघत होता.

मी त्या दोघांच्या मागेच होतो. मला ऐकायचं नव्हतं, पण सावली एवढीच होती.

"कधीपासून माहीत आहे?" तिने हळू विचारलं.

"एसी बसला त्या दिवसापासून. चार वर्षं."

"आणि तुम्ही कारखान्यात माल तपासता."

"हो."

"आबांना सांगितलं नाही?"

त्याने आबांकडे पाहिलं. "एकदा ठरवलं होतं. त्या दिवशी ते पेढे घेऊन आले." मग म्हणाला, "निवृत्त झाल्यावर सहा महिने ते खिडकीत नुसते बसायचे. या वहीने उठवलं त्यांना. मी काय सांगू?"

"खरा आकडा किती, हेही कोणाला माहीत नसेल मग."

हितेंद्रने जिन्याच्या खोलीच्या मागच्या बाजूला मान वळवली. तिथे उत्तरेकडच्या भिंतीला केळीचा एक जुना प्लास्टिकचा क्रेट उलटा टांगलेला होता, पांढरा रंग दिलेला. इतकी वर्षं मला वाटायचं ते चिमण्यांसाठी आहे. भूमिका गेली, वाकून जाळीतून आतलं दुसरं थर्मामीटर पाहिलं आणि परत आली.

"पंचेचाळीस पॉइंट तीन," ती म्हणाली.

"रोज लिहितो. वेगळ्या वहीत. ती कोणाला दाखवलेली नाही."

तिने ओठ घट्ट मिटले. हसू होतं की राग, मला सांगता येत नव्हतं. हितेंद्रला तर मुळीच येत नव्हतं. त्याने छातीशी, इतरांना दिसणार नाहीत असे, दोन्ही हात किंचित जोडले.

तोवर वही वर आली होती. आबांनी तारीख घातली, पारा लिहिला, आकाश निरभ्र लिहिलं.  "साक्षीदार! नाना, तुम्हीच करा सही. धुळ्याच्या माणसाची सही म्हणजे पुन्हा कोणी शंका घ्यायला नको."

"चष्मा खाली राहिला माझा," नाना म्हणाले. "पोरीला करू द्या. तिचा तर धंदाच तो. तिची सही असली म्हणजे दिल्लीला मान्य."

"खरंच की!" आबांचा चेहरा उजळला. त्यांनी वही आणि पेन दोन्ही हातांनी, प्रसाद द्यावा तसं, भूमिकापुढे धरलं. "बेटा, स्थळाचं राहू दे. ते तुमचं तुम्ही घरी जाऊन कळवा. पण एवढं कर. अकरा वर्षांत पहिल्यांदा खऱ्या जाणकाराची सही मिळेल या वहीला."

भूमिकाने पेन घेतलं. मला ते दोनशे मीटर आठवले. हितेंद्रलाही आठवले असावेत, कारण त्याने श्वास घ्यायचं थांबवलं होतं. ती वहीची पानं मागे चाळत गेली. पंचेचाळीस एक, शेरा, 'कावळा सावलीत'. चव्वेचाळीस नऊ, शेरा, 'इंदिराने पन्हं केलं'. सेहेचाळीस, शेरा, 'हितेंद्रला सातवा नकार. कारण वरील रकाना'. त्या ओळीवर ती बराच वेळ थांबली.

मग ती आजच्या पानावर आली. शेऱ्याच्या रकान्यात तिने एक ओळ लिहिली, स्वच्छ, गोल अक्षरात. 'वरील वाचन मी प्रत्यक्ष पाहिले.' आणि खाली सही केली.

मी ती ओळ तीनदा वाचली. त्यात एक अक्षरही खोटं नव्हतं. पंचवीस वर्षं राज्यशास्त्र शिकवून मला असं वाक्य कधी सुचलं नाही.

"वा!" आबांनी वही छातीशी धरली.

भूमिका दारात उभ्या असलेल्या आईकडे वळली. "आई, घरी जाऊन कळवायची गरज नाही."

"म्हणजे?" ज्योत्स्नाताईंनी पर्स घट्ट धरली. "अगं, पाय भाजलेत माझे! हे सोलर नाही, मला कळत नाही का? आणि तू... बारा महिने इथे?"

"अकरा," भूमिका म्हणाली. "मे महिन्यात मी माहेरी. आणि हेही माझ्याबरोबर, रजा काढून." तिने हितेंद्रकडे न बघता बोट केलं. "चालेल ना?"

 हितेंद्रने इतक्या वेळा मान हलवली की फारुखने त्याला धरलं.

"मेमध्ये मी येत जाईन इकडे," रुपचंदनाना लगेच म्हणाले. "घर रिकामं कशाला ठेवायचं? आबा, अडीचला दोघं मिळून नोंद घेऊ."

"तुमचे तुम्ही या," आबा म्हणाले. "पण खिळ्याला हात लावायचा नाही."

खाली अक्काने ते सगळं जिन्यातून ऐकलं होतं. आम्ही उतरलो तेव्हा ती साखरेचा डबा घेऊन उभी होती. तिने आधी भूमिकाच्या हातावर साखर ठेवली, मग ज्योत्स्नाताईंना बसवून त्यांच्या पायाला कोरफड लावायला घेतली. लावता लावता दोघी जळगावच्या पाण्याबद्दल इतकं वाईट बोलल्या की अर्ध्या तासात मैत्रिणी झाल्या.

लग्न डिसेंबरात झालं. धुळ्याची थंडी त्या आठवड्यात जोरात होती आणि नाना मांडवात ती प्रत्येकाला मोजून सांगत होते. गच्चीवर आता पांढऱ्या क्रेटशेजारी दोन वह्या असतात, एकीत हितेंद्रचं अक्षर, दुसरीत गोल. आबांना वाटतं, चिमण्यांची नोंद चालली आहे. ललितने परवा सांगितलं की येत्या उन्हाळ्याआधी तो वरच्या खोलीतही एसी बसवणार आहे, बाहेरचं खोकं पहिल्याच्या शेजारी. आबांना यंदा अठ्ठेचाळीसची आशा आहे, आणि त्यांनी पेढ्यांची ऑर्डर आत्ताच देऊन ठेवली आहे.